काटा मध्यावर आहे, म्हणून काय झालं?

वेगवान गाडी बाळगणाऱ्या लोकांची एक जात असते. ही मंडळी रस्त्याकडे कमी आणि तापमानाच्या काट्याकडे जास्त बघतात. काटा मध्यावर असला की चेहऱ्यावर समाधान, केसभर हलला की घसा कोरडा. माझं म्हणणं असं, की ह्या लोकांची काळजी शंभर टक्के खरी आहे, पण ती चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी केली जाते. कूलंटची काळजी करायची तर ती गाडी घरी उभी असताना करावी. रस्त्यावर काट्याकडे बघत करायची काळजी म्हणजे सर्व्हर झोपल्यावर बॅकअप घेतला होता का ते विचारणं. (धंद्याने सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे उदाहरणं तिथलीच सुचतात, चालवून घ्या.)

विषय निघायचं कारण माझा आतेभाऊ. ठाण्याला असतो. गेल्या वर्षी त्याने एक जुनी, दोन दरवाज्यांची, टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स कार घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडीचं वय बारा वर्षं, आणि त्याची सहा वर्षांची बचत तिच्यात गेलेली. आता अक्षय तृतीयेला ती घेऊन आत्याकडे यायचं त्याच्या मनात आहे, म्हणजे जालन्याला, मस्तगडला. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून ठाण्याहून निघून सरळ जालन्याला उतरणं फार सोपं झालंय. पण त्या दिवसांत इकडे पारा बेचाळीसच्या घरात असतो. "दादा, समृद्धीवर १२० ने सलग आलो तर इंजिन तापेल का रे?" हा प्रश्न त्याने मला एका आठवड्यात चार वेळा विचारला. मागच्या छोट्या सीटवर त्याची पोरगी असणार, म्हणून जास्तच.

उत्तर आहे, सलग १२० ला बहुतेक काही होणार नाही. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकाकडे जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर आणि उरलेला जवळपास तेवढाच कूलंटच्या वाट्याला. चारशे हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३०० किलोवॅट. म्हणजे इंजिन पूर्ण जोरात असताना साधारण तेवढीच उष्णता त्या आठ-दहा लिटर पाण्याने बाहेर काढायची. घरातला गिझर २ किलोवॅटचा धरला तर दीडशे गिझर एकदम चालू! बुगाटी वेरॉन ह्या हजार हॉर्सपॉवरच्या गाडीला दहा रेडिएटर दिले होते ते शोभेसाठी नव्हे. पण हे पूर्ण जोराचं गणित झालं. १२० च्या स्थिर वेगाला असल्या इंजिनाची जेमतेम झोपमोड होते, आणि समोरून वारा भरपूर. समृद्धीवर गाडी आरामात येईल.

खरी परीक्षा दोन ठिकाणी. एक, जालन्यात शिरल्यावर. मस्तगड म्हणजे जुनं गाव. १७२५ साली निजामाच्या काळात बांधलेली गढी, बाजूने कुंडलिका, आणि गल्ल्या अशा की समोरून छोटा हत्ती आला तर कोणीतरी मागे जायचं. भर दुपारी, एसी चालू, पहिला गिअर, खाली घासेल ह्या भीतीने प्रत्येक गतिरोधक तिरका घ्यायचा. वारा शून्य. सगळी भिस्त इलेक्ट्रिक फॅनवर. आणि दुसरी जागा कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे चहाला थांबल्यावर. जोरात आलेली गाडी बंद केली की वॉटर पंप थांबतो, पण हेडमधली आणि टर्बोमधली उष्णता थोडीच थांबते? पुढची काही मिनिटं आतलं तापमान वाढतच जातं, त्याबरोबर दाबही. जुना होज किंवा तडा गेलेलं प्लॅस्टिक नेमकं तेव्हा दम सोडतं. तुम्ही कटिंग संपवून येता, तर गाडीखाली गुलाबी थारोळं. (ते गोडसर असतं आणि विषारी असतं. कुत्र्यांना आणि पोरांना लांब ठेवा.)

आता काट्याविषयी. पहिली गोष्ट, तो काटा थर्मामीटर नसतोच. गिऱ्हाईक उगाच घाबरू नये म्हणून अनेक कंपन्या तो मुद्दाम स्थिर ठेवतात. कूलंट साधारण ७५ ते १०५ अंशांत कुठेही असो, काटा आपला मधोमध. म्हणजे तो हलला तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. एखादा पाइप सुटून पाणीच निघून गेलं, तर सेन्सर हवेत किंवा वाफेत लटकतो आणि धातू भाजत असतानाही कमी आकडा दाखवू शकतो. आमच्या धंद्यात ह्याचं जुळं भावंड आहे: लॉग येत नाहीत म्हणून सगळं ठीक आहे असं समजायचं, आणि लॉग लिहिणारी सेवाच मेलेली असते.

म्हणून माझं मत आहे की ह्या गाड्यांना तापमानापेक्षा कूलंटची पातळी आणि दाब दाखवणारा काटा हवा. काही गाड्यांत पातळीचा दिवा असतो, पण तो टाकीतलं पाणी किमान खुणेच्या खाली गेल्यावर लागतो. पाइप सुटलेला असला तर तोपर्यंत फार उशीर.

पाइप सुटतो म्हणजे काय, ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पोर्शेचं आहे. ९९६ आणि ९९७ पिढीतल्या ९११ टर्बो, जीटी२ आणि जीटी३. ह्यांचं इंजिन साध्या ९११ चं नव्हे, तर हान्स मेत्झगर ह्यांच्या रेसिंग घराण्यातलं. त्याच घराण्याच्या ९११ जीटी१ ने १९९८ ला ल मान्सची शर्यत जिंकली होती. इंजिन म्हणून अजोड, लोक आजही त्याच्या नावाने हात जोडतात. पण कूलंटच्या पाइपांची तोंडं ॲल्युमिनियमच्या घरात चक्क चिकटवलेली! वेल्डिंग नाही, आटे नाहीत, नुसता गोंद. आपण घरी गळक्या नळाला एम-सील लावतो त्याच जातीचं काम, फक्त पगारी इंजिनीअरांनी केलेलं. नवं असताना उत्तम टिकलं. मग वर्षानुवर्षं तापणं-निवणं, तापणं-निवणं, आणि एक दिवस दाबाखाली तोंड निखळून येतं. इंजिन मागे, म्हणून सगळं कूलंट थेट मागच्या चाकांखाली. गाडी भोवऱ्यासारखी फिरणार, आणि ट्रॅकवर असाल तर मागून येणाराही त्याच पाण्यावर घसरणार. २०१३ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने ह्याची चौकशीही उघडली होती. जाणते मालक मात्र कोणाची वाट बघत बसले नाहीत. इंजिन उतरवून ती तोंडं वेल्ड करून घेणं किंवा आडवी पिन मारून घेणं हा त्यांच्यात आता रिवाजच आहे.

मला ह्यातली खटकणारी गोष्ट ही, की सुटण्याआधी ही गाडी काही म्हणजे काही सांगत नाही. काटा मधोमध, तेल स्वच्छ, आवाज मधुर. इतकी वर्षं इतके किलोमीटर काही झालं नाही, हा तिथे पुरावा नाहीच, उलट तेच काळजीचं कारण.

आमच्या जालन्याच्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. आमचं गाव बियाण्यांचं तसंच पोलादाचं. एमआयडीसीत भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं, आत पाणी फिरतं आणि वितभर अंतरावर १६०० अंशांचा रस. पाणी थांबलं तर वेटोळं जातं, आणि पाणी गळून रसात गेलं तर स्फोट. म्हणून नीट चालवलेल्या भट्टीवर नुसता काटा नसतो. पाण्याचा प्रवाह वेगळा मोजतात, तापमान वेगळं, आणि प्रवाह कमी झाला की माणसाला न विचारता वीज तुटते. शिवाय वीज गेली तरी पाणी चालू राहावं म्हणून उंचावर टाकी. होज फुटेपर्यंत कोणी थांबत नाही, मुदत आली की बदलतात. हे सगळं सळया पाडणाऱ्या कारखान्यात करतात, आणि कोटभराच्या गाडीत मात्र एक खोटं बोलणारा काटा. ह्याला काय म्हणावं!

बरं, मालकाने करायचं तरी काय? भावाला मी सांगितलं ते असं. बारा वर्षांच्या गाडीचे सगळे होज, क्लॅम्प, टाकी, टाकीचं झाकण, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, हे काही बिघडलेलं नसताना बदल. झाकणाला कोणी विचारत नाही, पण साधं पाणी १०० ला उकळतं ते दाबाखाली १२० पर्यंत थोपवायचं काम त्या झाकणाचं असतं. खर्च होईल, पण इंजिन गेलं तर गाडीच्या निम्म्या किमतीचा खड्डा आहे. नंतर प्रेशर टेस्ट. आणि पुढचा बंपर काढून रेडिएटर साफ. बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांचे रेडिएटर बंपरच्या दोन कोपऱ्यांत, जमिनीलगत असतात आणि पाला गोळा करण्यात पटाईत. आपल्याकडे त्यात कापसाचे पुंजके, ज्वारीचं भुसकट आणि धूळ ह्यांचा छान गिलावा बसतो.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. एक, "आपल्याकडे गरमी आहे साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकू" असं सांगणाऱ्या मेकॅनिकचं ऐकायचं नाही. जुन्या जीप-ट्रॅक्टरवर ते खपून गेलं असेल, पण टर्बो इंजिन मग नीट तापतच नाही, कॉम्प्युटरला वाटतं अजून थंडच आहे आणि तो जास्त पेट्रोल ओतत राहतो. दुसरी, बोअरचं पाणी. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी केटलीत काय करतं ते सगळ्यांनी पाहिलंय. तोच पांढरा थर इंजिनाच्या आतल्या बारीक वाटांमध्ये बसतो. डिक्कीत त्याच जातीच्या तयार कूलंटचा एक कॅन ठेवावा. (रंगावरून जात ओळखू नये, गुलाबी-गुलाबी सारखं नसतं.) तो नसेल तर पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी चालेल. आणि "इथे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला" असं म्हणणाऱ्यांना सांगा की ते गोठण्यापुरतं नसतं. उकळण्याचा बिंदू वर नेणं आणि आतला गंज थांबवणं, आपल्याला कामं ती लागतात.

ह्यावरून "लाइफटाइम कूलंट" हा शब्द आठवला. कोणाचं लाइफ? माझ्या मते वॉरंटीचं. गंज रोखणारी रसायनं झिजतात, आणि पाच वर्षांनी ते नुसतं रंगीत पाणी उरतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही निदान अमुक तारखेनंतर सपोर्ट नाही असं छापतो. गाडीवाल्यांनीही प्रत्येक होजचं आणि प्लॅस्टिकचं वय मॅन्युअलमध्ये छापावं. पण त्याने गाडी महाग वाटेल, म्हणून छापत नाहीत.

कोणी म्हणेल, एवढी काळजी करायची तर असली गाडी घ्यावीच कशाला? मला हे पटत नाही. माणसाने हौसेने काही घ्यावं, आणि त्याची निगा हा त्या हौसेचाच भाग असावा. आमच्या जुन्या रेडिएटरवाल्याकडे तांब्या-पितळेचे रेडिएटर डाग देऊन पुन्हा चालू व्हायचे. आता ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक, डाग देता येत नाही, अख्खा बदलायचा. काळाप्रमाणे निगा बदलली, एवढंच.

भावाने गाडी गॅरेजला लावलीय. होज आलेत, पंप अजून यायचाय. तोवर त्याने काट्याचे फोटो पाठवणं बंद केलंय, हे काय कमी आहे! पंप वेळेत नाही आला तर वंदे भारतने ये म्हटलं, जालन्याला थांबते. आत्याला तसंही तो कशातून उतरतो ह्याच्याशी काही देणंघेणं नाही, पुरणपोळ्या किती करायच्या एवढंच तिने विचारलंय.