दात आणि देशांतर

अमेरिकेतील काही निवृत्त माणसे कोस्टारिकात बिऱ्हाड हलविण्यापूर्वी तो देश एकदा पाहून येतात आणि त्याच खेपेत दातांची कामेही स्वस्तात उरकून घेतात, हे ऐकून आमच्या कचेरीत हशा पिकला. "केवढा हा चिक्कूपणा!" आम्हांस हा हशा मान्य नाही.

१९६५ च्या मेडिकेअर कायद्याने तिकडे वृद्धांच्या औषधोपचाराचा भार उचलला, पण नेहमीची दंतचिकित्सा वगळली. ती उणीव आजही बहुतांशी कायम आहे. मग त्यांनी दातदुखी सोसत बसावे काय? शिवाय कृत्रिम दाताचा स्क्रू जबड्याच्या हाडात पक्का होण्यास बहुधा ३ ते ६ महिने लागतात. तेव्हा दुसरी खेप ओघानेच येते. पहिली सान होसेच्या डिसेंबर ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांत झाली असेल, तर दुसरीत मे महिन्यापासूनचा पाऊसही दिसू शकतो. पाहुण्यास देश हसरा दिसतो. रोग्यास तेथील भाषा, बिल आणि रांग कळते. काम बिघडल्यास परदेशातला डॉक्टर कोठे गाठावा, हा आक्षेप खरा. पण तेथेच राहावयास जाणाऱ्यास तो सर्वांत कमी लागू पडतो.

बदलीच्या हुकमासरशी न पाहिलेल्या गावी ट्रंका उतरविणारे आपण! निदान निवृत्तीनंतरचे घर तरी दिवाळीच्या चार दिवसांच्या रजेत पाहून ठरवू नये. त्या माणसांना हसण्यापूर्वी आपण एवढे शिकलो तरी पुष्कळ झाले.