कारभारी कसा निवडावा?

लोकशाहीत मतदार हा धनी आणि निवडून आलेला अधिकारी हा त्याचा कारभारी होय. कारभारी पारखून नेमला नाही, तर घराचे वाटोळे होण्यास वेळ लागत नाही. हे सर्वांस पटते. परंतु त्याची पारख कशी करावी, याचा विचार फार थोडे लोक करतात.

प्रथम त्याला नेमतो कोण, हे पाहू. आमच्या पुसेगावासारख्या गावात सरपंचाची निवड गावकरी थेट मताने करतात. हिंगोली शहरात नगराध्यक्षही तसाच निवडला जातो. शेजारच्या परभणी व नांदेड येथे महानगरपालिका आहेत. तेथील महापौराला मात्र नगरसेवक अडीच वर्षांसाठी निवडतात. म्हणून ज्याने नगरसेवक डोळे मिटून निवडला, त्याने महापौरही डोळे मिटूनच निवडला, असे समजावे.

उमेदवार गोड बोलतो, अडल्यानडल्यास धावतो, लग्नकार्यास हजर असतो. हे गुण वाईट नव्हेत. परंतु खरी कसोटी निराळी आहे. सर्वांच्या हितासाठी ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य त्याच्या अंगी आहे काय?

असा नकार कधी सत्तेपुढे द्यावा लागतो. महात्मा जोतीराव फुले यांना १८७६ साली सरकारने पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले. पुढे लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे म्हणून एकट्या फुल्यांनी विरोधी मत दिले. ठराव संमत झाला. पण ते एकटे मतच आज आपल्याला आठवते.

कधी हा नकार आपल्याच माणसांना द्यावा लागतो, आणि तो अधिक कठीण असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या दुष्काळी गावात १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. तेथे झाडे तोडण्यास, मोकाट चराईस आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यास गावाने बंदी घातली. ज्यांच्या मतांवर निवडून यावयाचे, त्यांच्याच सोयीवर ही बंधने होती. परंतु त्यांमुळे पाणी राखले गेले आणि गाव सावरले.

नकार म्हणजे आडमुठेपणा नव्हे. या दोन्ही नकारांमागे अधिक मोठे हित होते. म्हणून मत मागावयास आलेल्यास मतदाराने विचारावे, “आपण कोणास, कशासाठी नाही म्हणालात?” मात्र जो मतदार स्वतःच्या अतिक्रमणाकडे डोळेझाक करावी म्हणून मत देतो, त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार उरत नाही.

मुलांनो, वयाच्या १८ व्या वर्षी तुम्हांस मताचा अधिकार मिळेल; पण त्याचा अभ्यास आजच सुरू होतो. वर्गप्रमुख निवडताना केवळ मित्र म्हणून कोणास निवडू नका. प्रसंगी तुमचेही नाव फळ्यावर लिहील, अशालाच निवडा.