हवा शुद्ध करणारे यंत्र : घ्यावे काय, आणि घेतल्यास कसे सांभाळावे?

दिवाळी सरली आणि थंडी पडू लागली की वस्तीत खोकल्याचे आवाज वाढतात. ज्या घरात दम्याचे मूल आहे किंवा छातीचा विकार असलेली आजी आहे, त्या घरच्या भगिनी अलीकडे आम्हाला एकच प्रश्न विचारतात : एअर प्युरिफायर हप्त्याने घ्यावा काय? दुकानदार तर घ्याच म्हणतो. पण हप्ता आपल्याला भरायचा आहे, दुकानदाराला नव्हे. म्हणून आधी हे यंत्र काय करते आणि काय करीत नाही, ते नीट समजून घेऊ.

यंत्राची रचना अगदी साधी आहे. आत एक पंखा असतो. तो खोलीतील हवा ओढून घेतो, फिल्टरमधून गाळतो आणि परत सोडतो. पहिल्या जाळीत केस, सुताचे कण व जाड धूळ अडकते. त्यामागे 'हेपा' नावाचा घड्या घातलेला, कागदासारखा फिल्टर असतो. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे कणसुद्धा १०० पैकी ९९.९७ इतके अडवतो. ज्यांना पीएम २.५ म्हणतात ते कण अडीच मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक असतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण थेट फुप्फुसात उतरतात. काही यंत्रांत कोळशाचाही एक थर असतो. तो वास व काही वायू शोषून घेतो.

आता यंत्र काय करीत नाही तेही ऐका. ते प्राणवायू तयार करीत नाही. शेगडीचा किंवा चुलीचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ते अडवू शकत नाही. भिंतीची ओल ते घालवत नाही. आणि ते दम्याचे औषध नव्हे. यंत्र आणले म्हणून मुलाचा पंप बंद करणे ही जिवाशी गाठ आहे. औषधाचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.

पैसा खर्च करण्यापूर्वी बिनपैशाचे उपाय करून पाहावेत. मच्छर अगरबत्तीची एक गुंडाळी जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण हवेत सुटतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. बंद खोलीत रात्रभर गुंडाळी आणि शेजारी यंत्र चालू, हा एका हाताने घाण करून दुसऱ्या हाताने पुसण्याचा प्रकार झाला. त्यापेक्षा मच्छरदाणी लावावी. विडी-सिगारेट घराबाहेर. वंदनेच्या वेळी अगरबत्ती लावायचीच तर एकच लावावी व खिडकी उघडी ठेवावी. झाडू मारून धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

यानंतरही गरज वाटली तर यंत्र खोलीच्या मापाने घ्यावे. खोक्यावर 'सीएडीआर' असा आकडा असतो. तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते, ते त्यावरून कळते. खोलीची लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून गुणाकार करावा आणि त्याला ७ ने भागावे. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली असेल तर उत्तर सुमारे १४० येते. तेवढा सीएडीआर असला की खोलीतील हवा तासाला पाच वेळा गाळली जाते. नवा फिल्टर केवढ्याला मिळतो आणि जवळपास मिळतो की नाही, हे विकत घेण्याआधीच विचारावे. ओझोन सोडणारे यंत्र घेऊ नये. तो वायू फुप्फुसांना त्रासदायक असतो. विजेचे म्हणाल तर ४० वॅटचे यंत्र रोज दहा तास चालवल्यास महिन्याला १२ युनिट जळतात.

यंत्र पडद्यामागे किंवा कपाटाच्या खाचेत ठेवू नये. भिंतीपासून फूटभर सोडून, आजारी माणसाच्या अंथरुणाजवळ ठेवावे. चालू असताना दारे-खिडक्या लावाव्यात. मात्र एका खोलीत पाच-सहा माणसे झोपत असतील तर खिडकीची फट ठेवावी, नाहीतर हवा कोंदट होते. फोडणीच्या वेळी यंत्र बंद आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण तेलकट वाफेने फिल्टर लवकर खराब होतो. स्वयंपाक आटोपला की यंत्र सुरू करावे.

देखभाल म्हणजे काही मोठे काम नाही. आधी प्लग काढावा. दर पंधरा दिवसांनी बाहेरची जाळी झटकावी. धुण्याजोगी असल्यास धुऊन पूर्ण वाळवूनच बसवावी. हेपा फिल्टर मात्र धुवू नये. आमच्या ओळखीच्या एका घरी तो हौसेने साबणात भिजवला गेला. दिसायला पांढराशुभ्र झाला, पण कामातून गेला आणि नव्याचा भुर्दंड बसला. हा फिल्टर साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. रस्त्यालगत किंवा बांधकामाजवळ राहणाऱ्यांना लवकर बदलावा लागतो. बसवल्याची तारीख त्याच्या कडेवर पेनाने लिहून ठेवावी. नवा घेण्याची ऐपत नाही म्हणून काळाकुट्ट फिल्टर वर्षानुवर्षे चालवला तर नुसते विजेचे बिल येते. दर महिन्याला थोडे पैसे त्यासाठी बाजूला टाकावेत.

जुना फिल्टर झटकून कचऱ्यात फेकू नका. पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ती धूळ सफाई कामगाराच्या नाकातोंडात जाऊ नये. तो कामगार पुष्कळदा आपल्याच घरातला असतो.

शेवटी एक गोष्ट. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. असा धूर एका खोलीतले यंत्र किती गाळणार? पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा आपल्या देशाने २००९ मध्ये घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सांगितली. तेव्हा घरात आजारी माणूस असेल तर यंत्र जरूर घ्या. पण वस्तीत कचरा जळताना दिसला की चार घरांनी मिळून पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि तिची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.