जिद्द व्याख्यानाने भरता येत नाही

निकाल लागले की अर्धापूर-नांदेड रस्त्यावर गुणवंतांचे फ्लेक्स झळकतात, गुणगौरव सोहळे होतात आणि पाठोपाठ प्रेरणादायी व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. त्यामागचा समज असा, की पोरगं हुशार आहे, कमी आहे ती फक्त जिद्द. कुणी जोशात बोलून ती भरली की मेडिकलला नंबर लागलाच म्हणून समजा. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय महागात पडणारा आहे. तो एकदा मान्य केला की मागे पडणाऱ्या मुलाचा दोष आपोआप त्याच्याच माथी बसतो; शिकवणारे, घर, क्लास सगळे सुटतात. मानसशास्त्रातले पुरावे मात्र सांगतात, की प्रेरणा ही माणसाच्या स्वभावाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, त्याच्या भोवतीच्या परिस्थितीतून घडते.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 मध्ये बालवाडीतल्या चित्रांची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना चित्र काढल्यावर सोनेरी चांदणीचं प्रमाणपत्र देऊ, असं आधीच कबूल केलं. ते मिळालं, पण पुढे मोकळ्या वेळात या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ इतरांच्या जेमतेम निम्मा भरला. ज्यांना तेच प्रमाणपत्र अवचित मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी सहकाऱ्यासह 1999 मध्ये अशा 128 प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हाही कल तोच दिसला: आधी कबूल केलेलं बक्षीस मूळची गोडी कमी करतं, नेमकं काय चांगलं जमलं हे सांगणारी शाबासकी ती वाढवते. माणूस मनापासून कामाला लागतो तो तीन गोष्टी असतील तर, असं या दोघांचं म्हणणं: हे मी माझ्या मर्जीने करतोय, हे मला जमतंय आणि इथे माझं कुणीतरी आहे.

यावर कुणीही म्हणेल, की मेडिकलची प्रवेश परीक्षा 'नीट' म्हणजे काही चित्रकला नव्हे. एकशे ऐंशी प्रश्न, 720 गुण, चुकलं की एक गुण वजा. याची गोडी कुणाला लागणार? आक्षेप रास्त आहे, कारण मुळात गोडीच नसलेल्या कामात बक्षिसाने फारसं बिघडत नाही, असंही संशोधनात दिसलं आहे. पण गोडी ही अटच नाही. आपल्याकडे हळद काढली की ती शिजवायची, आठवडा-दोन आठवडे उन्हात वाळवायची, मग ढोलात घालून पॉलिश करायची. त्या वाफेत उभं राहायची हौस कुणालाही नसते, तरी शेतकरी ते करतो, कारण कशासाठी करायचं ते त्याचं स्वतःचं ठरलेलं असतं. रायन आणि डेसी यांच्या मते असं पटलेलं कारण माणसाला आवडीइतकंच दूरवर नेतं. दबावाशिवाय निकाल लागत नाही म्हणून ज्याचा दाखला दिला जातो, तो लातूर पॅटर्न दबावावर उभा राहिला, हेही अर्धसत्य आहे. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या नावाशी जोडलेल्या त्या पद्धतीचा कणा होता जादा तास, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा आणि उत्तरपत्रिकांची तपासणी. आपलं कुठे चुकलं हे कळतं, पुढच्या वेळी ते सुधारतं, आणि 'जमतंय' ही भावना तिथून येते. नक्कल करणाऱ्यांनी मात्र भिंतीवरच्या क्रमांकाच्या याद्या, गुणांवरून बॅच बदलणं आणि फ्लेक्स एवढंच उचललं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जिद्द शिकवता येते, याचा पुरावा भारतातच आहे. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1960 च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या संस्थेत प्रशिक्षण दिलं आणि पुढे ही मंडळी व्यवसायात इतरांपेक्षा जास्त सक्रिय झाली. खरं आहे. पण ते तासाभराचं भाषण नव्हतं. आपल्याला पेलेल असं उद्दिष्ट स्वतः ठरवायचं, ते कितपत साधलं ते तपासायचं आणि सोबतच्यांना धरून राहायचं, हा त्या वर्गाचा गाभा होता. नुसत्या स्वप्नरंजनाचं काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. गॅब्रिएल ओटिंगन यांच्या अभ्यासात, नोकरी मिळाल्याची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्या पदवीधरांना दोन वर्षांनी नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी होता. अनुभवातून आलेला भरवसा उपयोगी पडला, कल्पनेतला पांढरा कोट नाही.

केळी-हळदीच्या पैशातून फी भरणाऱ्या बापाला मुलाच्या मर्जीचे लाड परवडत नाहीत, असं म्हणतात. उलट चुकीच्या वाटेवरची दोन वर्षं आणि वर रिपीटची फी त्यालाच परवडत नाही. तेव्हा पालकांनो, यंदा फी भरण्याआधी क्लासमध्ये टॉपरचे फोटो पाहू नका. माझ्या मुलाचा चुकलेला प्रश्न त्याला कोण आणि किती दिवसांत समजावून सांगणार, ते विचारा. आणि त्याच्याही आधी, डॉक्टर व्हायचं कुणाचं ठरलंय, हे घरात त्याला विचारा.