चौथ्या श्रेणीचा उत्सव
इंग्लंडच्या तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील फुटबॉल क्लबांसाठी १९८३-८४ च्या हंगामात सुरू झालेल्या, पुरस्कर्त्यांगणिक नाव बदलत आलेल्या चषक-स्पर्धेला बड्या मंडळींनी कधी मानाचे पान दिले नाही. तथापि २९ मे १९८८ रोजी तिच्या अंतिम सामन्यासाठी वेम्ब्लीवर ८०,८४१ प्रेक्षक लोटले होते. त्या दिवशी समोरासमोर ठाकलेले वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स आणि बर्न्ली हे दोन्ही क्लब १८८८ साली लीग स्थापन करणाऱ्या बारांपैकी, दोघांच्याही दप्तरी राष्ट्रीय विजेतेपदाची नोंद; परंतु एक कर्जापायी बुडता बुडता वाचलेला, तर दुसऱ्याने आदल्याच वर्षी हंगामाचा अखेरचा सामना जिंकून लीगमधून होणारी हकालपट्टी कशीबशी टाळलेली, अशा विपन्नावस्थेत ही मातब्बर घराणी लीगच्या शताब्दी-वर्षी चौथ्या श्रेणीत दिवस कंठीत होती. मच आणि डेनिसन यांच्या गोलांनी वुल्व्हरहॅम्प्टनने सामना २-० असा जिंकला. पण पराभूत बर्न्लीकरांनाही आपले शहर अद्याप जिवंत असल्याची ग्वाही त्या अपरंपार गर्दीने दिली असेल, असे मला वाटते. अशा क्लबांच्या हक्काच्या स्पर्धेत २०१६-१७ पासून धनाढ्य क्लबांचे एकवीस वर्षांखालील संघ दाखल करून घेतले गेले, हा निव्वळ अन्याय होय, आणि त्याविरुद्ध निष्ठावंत प्रेक्षकांनी पुकारलेला बहिष्कार मला सर्वस्वी न्याय्य वाटतो. अंतिम सामन्याची ओढ मात्र त्यानेही ओसरली नाही: २०१९ साली पोर्ट्समथ आणि संडरलँड यांची झुंज पाहावयास ८५,०२१ लोक जमले.