वेगाचा हंगाम, उसाचा हंगाम

जर्मनीत काही गाड्यांच्या नंबरप्लेटवर उजव्या कडेला एकाखाली एक असे दोन छोटे आकडे असतात. वर ०४, खाली १०. म्हणजे ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर येणार. उरलेल्या महिन्यांचा कर भरावा लागत नाही, पण त्या काळात ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी केली तरी दंड होतो. १९९७ पासूनची ही सोय मुख्यतः स्पोर्ट्स कार, उघड्या टपाच्या गाड्या आणि मोटरसायकली बाळगणाऱ्यांच्या कामाची. कारण तिकडचा हिवाळा अशा गाड्यांना सोसत नाही. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीचं पोट खातं. उन्हाळी टायरचं रबर सात अंशांखाली कडक होऊ लागतं आणि पकड सोडतं. आल्प्समधले फुर्का आणि स्टेल्व्हिओ हे हौशी चालकांचे लाडके घाट तर बर्फामुळे कित्येक महिने बंदच असतात.

लातूरमधल्या एमएच २४ पासिंगच्या एखाद्या पोर्शला अशी पाटी मिळाली, तर आकडे उलटे लिहावे लागतील. वर १०, खाली ०३. मराठवाड्यात गाडी झाकून ठेवायचे महिने पावसाळ्याचे, आणि एप्रिल-मेची चाळिशीपारची दुपार तर माणसालाही नकोशी होते. दिवाळीनंतर मात्र बालाघाटच्या पठारावर हवा कोरडी आणि थंड होते. इंजिनाला गार, दाट हवा मिळते. रस्त्यावर पाणी नसतं, मीठ तर कधीच नसतं. त्यामुळे गाडीचं पोट दर आठवड्याला धुऊन काढा, हा युरोपीय सल्ला इथे लागू होत नाही. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे तो न मानलेलाच बरा.

असा सल्ला मराठवाड्यात कुणाला हवाय, असं कुणी म्हणेल. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका गटाने एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. त्याच शहराच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत आउडी गाड्यांची जुळणी होते. वेगवान गाडी आता मुंबई-पुण्याची मिरास राहिलेली नाही. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ बऱ्याच भागात चौपदरी झाला आहे, आणि शेपाचशे अश्वशक्तीचं इंजिन मोकळं करण्याचा मोह व्हावा असे सरळ पट्टे त्यावर आहेत.

अडचण एवढीच, की जो या गाड्यांचा हंगाम तोच उसाचा. सरकार तारीख जाहीर करतं, नोव्हेंबरच्या आसपास गव्हाणीत मोळी पडते, आणि पुढचे चार-पाच महिने मांजरा, विकास, रेणा आणि आसपासच्या कारखान्यांकडे जाणारे रस्ते उसाच्या ताब्यात जातात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या कठड्यावरून बाहेर आलेला ऊस आणि मागे लोंबणारे वाढे. टेल लॅम्प असलाच तर वाढ्यांनी झाकलेला. वायर तुटलेली असते, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो. ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठ्याने चालू असतात, की मागचा हॉर्न ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. ताशी पंधरा-वीस किलोमीटरने हे सगळं रात्रभर चालू असतं, कारण कारखाना रात्रीही थांबत नाही. ट्रॉलीचा एक्सल तुटला तर ती जागच्या जागी उभी राहते. भोवती दगड मांडले जातात. ट्रॉली गेल्यावर दगड तिथेच राहतात.

‘माझे ब्रेक भारी आहेत’ हा वेगवान गाडीवाल्याचा नेहमीचा युक्तिवाद एकदा कागदावर तपासून पाहावा. ताशी १२० किलोमीटरला गाडी दर सेकंदाला ३३ मीटर जाते. अंधारात समोर काहीतरी आहे हे ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात ५० मीटर संपतात. पुढे उत्तम टायर आणि उत्तम ब्रेकची स्पोर्ट्स कार कोरड्या रस्त्यावर साधारण ५७ मीटरमध्ये थांबते, साध्या मोटारीला ८० मीटर तरी लागतात. म्हणजे कोट्यवधी रुपये मोजून मिळालेला फायदा जेमतेम पंचवीस मीटरचा, आणि एकूण अंतर तरीही शंभराच्या वरच. डिपरवर दिव्याचा उपयोगी उजेड पडतो पन्नास-साठ मीटर. समोरून वाहन येत असताना अपर लावता येत नाही, आणि समोरच्याने अपरच ठेवला असेल तर तेवढंही दिसत नाही.

बंद पडलेली ट्रॉली साठ मीटरवर दिसली, तर १२० च्या वेगातली ही गाडी तिच्यावर आदळताना ताशी १०० च्या वरच असते. त्यात गाडी बुटकी आणि ट्रॉलीचा सांगाडा उंच. ट्रकला मागे आडवा दांडा असतो, तसा ट्रॉलीला बहुधा नसतोच. गाडीचं नाक खाली शिरतं आणि लोखंड थेट काचेच्या उंचीवर येतं. त्यापुढे एअरबॅग किती आहेत याला फारसा अर्थ उरत नाही. हेच गणित ताशी ८० ला मांडलं, तर स्पोर्ट्स कार ५८ मीटरमध्ये उभी राहते, म्हणजे डिपरच्या उजेडात कशीबशी बसते. हंगामातल्या रात्री या रस्त्यांवर ८० च्या पुढे जाणारा चालक कितीही निष्णात असो, तो न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालत असतो.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर एका पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपये शुल्क न भरल्याने अडली होती, हेही तेव्हा बाहेर आलं. नंतर चर्चा झाली ती चालकाचं वय, दारू, पैसा आणि यंत्रणा यांची. ती व्हायलाच हवी होती. पण शहराबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्यावर चालक सज्ञान, शुद्धीवर आणि परवानाधारक असला तरी धोका टळत नाही. त्या धोक्याबद्दल अपघाताच्या दुसऱ्या दिवशी हळहळ होते, मग पुढच्या अपघातापर्यंत शांतता.

स्पोर्ट्स कार आणि उसाची ट्रॉली यांचं नातं रस्त्यापुरतंच नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं काही उसापासून बनतं. म्हणजे ज्या ट्रॉलीला गाडीवाला शिव्या घालतो, तिच्यातलाच ऊस पुढे त्याच्या टाकीत येतो. गाडी ठेवून देणाऱ्याने तर हे लक्षात ठेवलंच पाहिजे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात अर्ध्या टाकीने गाडी उभी करणं वाईट. टाकी भरून ठेवावी आणि अधूनमधून इंजिन पुरेसं तापेपर्यंत गाडी फिरवून आणावी. बॅटरीला मेंटेनर चार्जर लावावा, कारण या गाड्यांमधले संगणक बंद अवस्थेतही वीज पितात. हँडब्रेक ओढून ठेवू नये, ओलाव्यात ब्रेक पॅड डिस्कला चिकटतात. चाकांना लाकडी गुटके लावले की काम भागतं. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली वाफ कोंडते, सुती कव्हर बरं. आणि उंदरांकडे लक्ष हवं. इतक्या महागड्या गाडीची वायरिंगही ते तेवढ्याच आवडीने कुरतडतात.

हिवाळ्यातली काळजी त्या मानाने थोडी, पण नेमकी. तापमान पाच-साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा सुमारे एक पीएसआयने कमी होते. लातूरला पहाट बारा अंशांची आणि दुपार तीस-एकतीसची असू शकते. म्हणजे एकाच दिवसात तीन पीएसआयचा फरक पडतो. दुपारी तापलेल्या टायरमध्ये मोजून भरलेली हवा दुसऱ्या दिवशी पहाटे कमी भरते, म्हणून हवा सकाळी, टायर गार असतानाच तपासावी. परभणीत डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा पाच अंशांखाली गेला होता. अशा पहाटे ट्रॅकसाठी बनवलेले मऊ टायर पहिले काही किलोमीटर भरवशाचे नसतात. त्यांना सावकाश गरम होऊ द्यावं.

मुख्य पथ्य मात्र वेळेचं. हंगामात ही गाडी सकाळी ऊन वर आल्यावर काढावी आणि दिवे लागायच्या आत शेडमध्ये आणावी. मार्गशीर्ष अमावास्येला, येळवशीला, तर ती बाहेर काढूच नये. त्या दिवशी लातूर-धाराशिवची अर्धीअधिक माणसं भज्जी-आंबील घेऊन शेतात असतात आणि तिन्हीसांजेला दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी, मिळेल त्या वाहनाने एकदम परततात. वेग अनुभवायचाच असेल तर जालन्याहून ‘समृद्धी’ महामार्ग गाठता येतो. तिथे ट्रॅक्टर येत नाहीत आणि १२० ची मर्यादा आहे. अर्थात तो रस्ताही निर्धोक नाही, १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बसला आग लागून २५ जण गेले, हे विसरता येणार नाही. ज्याची गाडी वर्षात दोन-तीन हजार किलोमीटरच चालते, त्याने चालवलेल्या किलोमीटरवर आधारित विमाही घ्यावा. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली आहे.

मूठभर श्रीमंतांच्या छंदापायी उसाच्या ट्रॉलीला का धरायचं, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. स्पोर्ट्स कारवाल्याला हा सगळा प्रश्न टाळता येतो, कारण रात्री निघणं त्याच्यासाठी सक्तीचं नसतं. दूध घालून परतणारा दुचाकीस्वार, लग्नाहून येणारी जीप, रात्रपाळीचा कामगार यांना ती मुभा नाही. न दिसणारी ट्रॉली त्यांच्याही समोर तशीच उभी असते, आणि त्यांच्या वाहनाचा दिवा पोर्शच्या दिव्यापेक्षा कितीतरी मंद असतो. ट्रॅक्टरचालकही मौजेने अंधारात फिरत नाही. जितक्या खेपा तितके पैसे असा हिशेब असल्यावर दिव्याची वायर जोडायला तो थांबत नाही. मागून कुणी धडकलं तर तोही सुटत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

कायदा नाही असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये ट्रेलरसकट वाहनांना मागे लाल रिफ्लेक्टर आणि अंधारात दिवे सक्तीचे आहेत. दर हंगामाच्या सुरुवातीला आरटीओचे अधिकारी कारखान्यावर जातात, दहा-वीस ट्रॉल्यांना पट्ट्या चिकटवतात, पेपरात फोटो येतो. पंधरा दिवसांत पट्टी चिखलाखाली जाते आणि पुढची तपासणी पुढच्या वर्षी होते.

रस्त्यावर गस्त घालून ही ढिलाई थांबणार नाही, ती वजनकाट्यावर थांबेल. प्रत्येक ट्रॉली, कुठल्याही गावाची असो, दर खेपेला काट्यावरून जाते आणि तिथे तिची नोंद होते. साखर आयुक्तांनी गाळप परवान्यातच अट घालावी: मागचा दिवा आणि पट्टी दिसत नसेल तर वजन होणार नाही. भरलेली ट्रॉली आली तर तिला तिथेच कारखान्याच्या खर्चाने पट्टी लावून घ्यावी, मग काटा करावा. शेतकऱ्याचा ऊस वाळता कामा नये आणि वाहतुकीच्या बिलातून कपातही होता कामा नये. वाढ्यांवरून लटकवता येईल असा पट्टीचा दोर किंवा बॅटरीवरचा लाल दिवा दिला तर झाकलं जाण्याची सबबही उरत नाही. एकाच दिवशी मर्सिडीज घेण्यासाठी १५० गाडीमालक एकत्र येऊ शकतात, तर आपापल्या तालुक्यातल्या ट्रॉल्यांच्या दिव्यांसाठी वर्गणी काढणंही त्यांना जड जाऊ नये. अट मात्र मोळी टाकण्याच्या कार्यक्रमाआधी, परवाने निघत असतानाच घालायला हवी. एकदा गाळप सुरू झालं की काट्यासमोरची रांग थांबवायची हिंमत कुणीच करत नाही.