कामगाराच्या ताटावरचा कर

आज कामगार दिन. 21 नोव्हेंबर 2025 रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यानंतरचा हा पहिलाच 1 मे. वेतन, सामाजिक सुरक्षा, कामाचे तास यांवर आज भरपूर बोलले जाईल. कॅन्टीनमधल्या जेवणाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जाणार नाही. चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीत पहिल्या पाळीला येणारा कामगार भल्या पहाटे घर सोडतो. दिवसाचे भरपेट जेवण त्याला कारखान्यातच मिळते. म्हणून त्या जेवणावरच्या कराचा प्रश्न हिशेबनीसाइतकाच कामगाराचाही आहे.

1948च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 46ने 250हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांना प्रतिनिधित्वही दिले. वस्तू व सेवा कर आला तेव्हा मात्र खाद्यपदार्थ आणि केटरिंगवरचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, त्या कायद्याच्या कलम 17(5)ने रोखले. जे पुरवणे कायद्याने बंधनकारक, त्यावरचे क्रेडिटही नाकारायचे, ही विसंगती होती. 1 फेब्रुवारी 2019पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती दूर केली: मालकावर कायद्याचे बंधन असेल, तर क्रेडिट मिळेल. ही सूट केटरिंगलाही लागू आहे, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जुलै 2022च्या परिपत्रकात केला.

तरीही कामगाराकडून कापलेल्या रकमेचे काय, हा वाद उरलाच. गुजरातच्या अपिलीय आगाऊ निर्णय प्राधिकरणाने 2022मध्ये, मालकाने स्वतः सोसलेल्या खर्चापुरतेच क्रेडिट, अशी भूमिका घेतली. समजा, ठेकेदार ताटाला 80 रुपये लावतो. त्यावर 5 टक्क्यांनी 4 रुपये कर. कामगाराच्या पगारातून 20 रुपये कापले, तर मालकाचा वाटा 60 रुपयांचा आणि क्रेडिट 3 रुपयांचे. 300 कामगार महिन्याला 25 दिवस जेवले, तर कारखान्याचे 22,500 रुपये वाचतात. कामगारावर भार जितका कमी, तितके क्रेडिट जास्त. हे तत्त्व आम्हाला न्याय्य वाटते. पण आगाऊ निर्णय फक्त अर्जदाराला आणि त्याच्या संबंधित अधिकाऱ्याला बांधतो. इतर कारखानदारांच्या मनातली धाकधूक त्याने जात नाही. देशभर लागू होईल असे स्पष्ट परिपत्रक काढणे हाच त्यावर उपाय आहे.

चार श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेने उपाहारगृहाची मर्यादा 100 कामगारांवर आणली आहे आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले आहेत. हे स्वागतार्ह आहे. बंधनाची कक्षा वाढली, की क्रेडिटचीही वाढायला हवी. म्हणून त्यासाठीचे नियम इतके नेमके असावेत, की कंत्राटी कामगाराच्या ताटावरून करअधिकारी आणि कारखानदार यांच्यात वाद उभा राहू नये.

प्रश्न उरतो तो 100च्या आतल्या कारखान्यांचा. 60 कामगारांना स्वखुशीने जेवू घालणाऱ्या लघुउद्योजकावर कायद्याचे बंधन नाही, म्हणून त्याला क्रेडिटही नाही. तेच जेवण, तोच कर. पण मोठ्या कारखान्याला जे मिळते, ते छोट्याला मिळत नाही. कायद्याने सांगण्याआधीच चांगले वागणाऱ्याला भुर्दंड पडावा, हे कोणत्याही करव्यवस्थेला शोभत नाही. पाळीतल्या सर्व कामगारांना दिलेल्या जेवणावर, मालकाच्या वाट्यापुरते क्रेडिट सरसकट द्यावे, अशी शिफारस जीएसटी परिषदेने करावी.

मालकांचीही जबाबदारी आहे. क्रेडिटमुळे वाचलेला पैसा नफ्यात मुरू नये. कॅन्टीन समितीसमोर हिशेब ठेवावा आणि ती रक्कम जेवणाचा दर्जा सुधारण्यासाठी किंवा कामगाराची कपात कमी करण्यासाठी वापरावी. कामगार संघटनांनीही वेतनकराराच्या बोलणीत हा मुद्दा लावून धरावा. सवलत ज्याच्या जेवणाच्या नावाने मिळते, तिच्यावर पहिला हक्क त्याचाच आहे.